पांढऱ्याचे तीन हात

दुकानात भाव करायला आलेलं माणूस मी दारातच ओळखते. ते आधी भलतंच काहीतरी हातात घेतं. उदबत्तीचा पुडा उलटसुलट करतं, समई उचलून वजन बघतं, आणि ज्यासाठी आलंय त्या वस्तूकडे सगळ्यात शेवटी, सहज नजर गेली असं दाखवत वळतं. ती मुलगी मात्र सरळ काउंटरवर आली आणि म्हणाली, "मुंडावळ्या आहेत का? मोत्यांच्या. चार सेट हवेत."

लग्नात दोन लागतात, चार कशाला, असं मी एरवी विचारलं असतं. पण माझं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे होतं. फेब्रुवारीत अमेरिकेतल्या आमच्या ईडन प्रेरीत सगळेच तोंड गुंडाळून फिरतात. तिने मफलर सोडला, तर आतून पांढराफेक चेहरा निघाला. पावडरीचा पांढरा नव्हे, भिंतीचा. कपाळापासून गळ्यापर्यंत, ओठांवरूनसुद्धा. भुवया नाहीशा झालेल्या. डोळ्यांभोवती बारीक काळ्या रेघा आणि डाव्या गालावर शेवाळाचे हिरवे ठिपके. हात आणि कान तिचे स्वतःचे, सावळे.

मला राग आला. तिने तोंड रंगवलं याचा नाही. रंग वाईट बसला होता याचा.

"हा हात कोणी मारलाय?"

"सॉरी?"

"हा पांढरा. लावला कोणी?"

"मीच."

"पट्टे दिसतायत. नाकाशेजारी साचलाय, हनुवटीवर खालची कातडी दिसतेय. एकाच हातात उरकलंस ना?"

ती माझ्याकडे बघत राहिली. नंतर तिने सांगितलं, की लोक तिला एक तर 'हे का?' विचारतात किंवा काही दिसलंच नाही असं दाखवतात. 'वाईट केलंयस' असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. ती हसली आणि तोंडाच्या कोपऱ्याशी रंगाला तडा गेला.

"बघ. हसलीस आणि फुटला."

"काकू, तुम्हाला हे कसं कळतं?"

"मला काकू म्हणू नकोस. काकू म्हणणारे सगळे डिस्काउंट मागतात."

"मग मावशी?"

"मावशी म्हणणारे वस्तू परत करायला येतात."

चार सेट तिने मी सांगितलेल्या किमतीला घेतले. घासाघीस न करणारं गिऱ्हाईक मला आवडत नाही, त्यात जिंकल्यासारखं वाटत नाही. तिला मात्र मी जाऊ दिलं नाही. काउंटरवरचा कागद ओढला आणि पांढऱ्याचे हात कसे द्यायचे ते लिहून दिलं.

मला हे कळतं, कारण माझं लहानपण पेणला गणपतीच्या कारखान्यात गेलं. वडील लवकर गेले. आई मला घेऊन माहेरी आली आणि मामाच्या कारखान्यात आम्ही दोघी कामाला लागलो. आई मूर्तींना पॉलिशपेपर मारायची. मला मामाने पांढऱ्यावर बसवलं. मूर्ती साच्यातून निघाली, घासून गुळगुळीत झाली, की पहिला रंग पांढरा. सफेद्यात डिंकाचं पाणी कालवायचं आणि सगळ्या अंगाला पातळ हात द्यायचे. त्यावर अंगाचा रंग, मग पितांबर, दागिने, आणि सगळ्यात शेवटी डोळे. डोळे काढण्याला आमच्याकडे आखणी म्हणतात. कारखान्यात शंभर माणसं राबोत, आखणी करणारा एखादाच असतो. आमच्याकडे मामा स्वतः करायचा. तो ब्रश उचलायचा तेव्हा रेडिओ बंद व्हायचा.

मामा म्हणायचा, "डोळा उघडा असून भागत नाही. तो बघायला लागला पाहिजे." नव्या मूर्तीसमोर तो डावीकडून उजवीकडे चालत जायचा. मूर्ती बघत असली तर पुढची घ्यायची. नसली तर पुसून पुन्हा.

अकरा वर्षं मी पांढरा दिला. कामाच्या सातव्या-आठव्या वर्षापासून मी आखणी मागत होते. आधी लाडाने, मग भांडून. प्रत्येक वेळी उत्तर एकच. "तुझा हात पांढऱ्याचा आहे. डोळा तुझ्याच्यानं व्हायचा नाही." बरं, तू करून बघ आणि मग सांगतो, असंही नाही. नुसतं व्हायचा नाही.

लग्न होऊन अमेरिकेला आले, नवऱ्याच्या व्हिसावर घरात बसले, आणि दुसऱ्याच वर्षी गॅरेजमधून गणपती विकायला सुरुवात केली. मूर्ती मामाच्याच कारखान्यातून मागवायचे. लोकांना वाटायचं, माहेरची ओढ. ओढ होती, पण हिशेब वेगळा होता. दरवर्षी फोटो आले की मी फोनवर डोळ्यांत खोट काढायचे. डाव्या डोळ्याची रेघ जाड आहे, उजवं बुबुळ वर गेलंय, असे डोळे इथे कोणी घेत नाही, दर कमी करा. डोळे चांगले असायचे. तरी मी बोलायचे आणि दर कमी व्हायचा. आता मामा नाही. कारखाना मामेभाऊ आणि वहिनी बघतात आणि मी अजून डोळ्यांतच खोट काढते.

गिऱ्हाइकांना, विशेषतः इथल्या गोऱ्या गिऱ्हाइकांना, मी ही गोष्ट सांगते. मुलगी होते म्हणून मला देवाचे डोळे काढू दिले नाहीत. त्यांचे चेहरे गंभीर होतात, ती माझा हात हातात घेतात, आणि मोठी मूर्ती घेऊन जातात. गोष्ट चालते. तिच्यात एक गोष्ट मी गाळते, ती पुढे सांगेन.

मुलगी दोन आठवड्यांनी परत आली. या वेळी पांढरा बराच बरा होता. आईवडील पुण्याचे, दोघेही सॉफ्टवेअरमध्ये. ती इथे जन्मलेली, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. तिचं मराठी समजायला चांगलं आणि बोलायला अर्धं. तिनेच मला सांगितलं, की या प्रकाराला शिरोनुरी म्हणतात. जपानी शब्द, अर्थ सरळ, पांढरं लावणं. तिकडच्या जुन्या नाटकात आणि नाचणाऱ्या बायकांत पांढऱ्या चेहऱ्याची चाल पूर्वीपासून होती, पण ही मुलं ती रस्त्यावर घेऊन आली. टोकियोत तरुण मुलामुलींचा एक भाग आहे, तिथे नटून नुसतं हिंडायचं. कोणी चेहऱ्यावर शेवाळ काढतं, कोणी जुन्या पुस्तकाचं पान, कोणी किडे. तिने फोनवर फोटो दाखवले. एकही चेहरा सुंदर दिसायचा प्रयत्न करत नव्हता. मला ते बरं वाटलं. मी दुकानात दिवसभर उलटं बघते.

"घरी काय म्हणतात?"

"बाबा काही नाही. आई म्हणते, गोरं दिसायचं असेल तर सांग, आपण फेशियल करू." ती खांदे उडवून म्हणाली, "आय टोल्ड हर, इट्स नॉट फेअर, इट्स व्हाइट. गोरी तर स्किन असते. हा पेपर आहे."

"मग?"

"मग ती म्हणाली, पेपरवर चित्र काढ ना, तोंडावर कशाला."

आईचं म्हणणं मला काही अगदीच चूक वाटलं नाही.

त्या दिवशी ती कामासाठी आली होती. शिकागोची एक फोटोग्राफर बाई अशा वेषातल्या माणसांचे फोटो काढत गावोगाव हिंडत होती. एप्रिलमधल्या एका शनिवारी ती मिनिॲपोलिसला येणार होती, एकच दिवस. मुलीला दुपारी दोनची वेळ मिळाली होती. जुना लाकडी कॅमेरा, मोठी फिल्म, माणशी चारच फोटो. चुकलं तर पुन्हा नाही. सगळ्या मिडवेस्टमधून तिने बारा जण निवडले होते आणि त्यात ही होती. बोलताना तिचा आवाज बारीक झाला. कॉलेजात तिला चिडवतात, घरी हसतात, आणि आता कोणीतरी मोठा कॅमेरा घेऊन येतंय, तर त्या कॅमेऱ्यात पट्टे दिसायला नकोत.

"व्हाइट तुम्ही कराल? डोळे मी करीन. डोळे मला येतात."

डोळे मला येतात. वीस-एकवीस वर्षांची पोर, कोणाला न विचारता म्हणत होती.

"फुकट नाही करणार," मी म्हटलं.

"हाऊ मच?"

"पैसे नकोत. तीन रविवार दुकानात यायचं. समोरची काच सजवायची."

"एक."

मला हसू आलं. अखेर पोरगी घासाघीस करायला लागली होती. "तीन. आणि मुंडावळ्या परत घेणार नाही."

"दोन, आणि मुंडावळ्या तर मी देणारच नाहीये, त्या मी कापल्यात."

दोनवर ठरलं.

त्या शनिवारी अकराला ती आली. मागच्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीशी मी तिला बसवलं. पांढऱ्याला उत्तरेचा उजेड लागतो, त्यात खोटं चालत नाही. तिने आणलेला पांढरा वडीचा होता, पाण्यात कालवायचा. मी तो वाटीत काढून ताकासारखा पातळ केला.

जिवंत चेहऱ्याला हात द्यायची माझी ती पहिलीच वेळ. मूर्ती गरम नसते. मूर्तीची पापणी थरथरत नाही. पण खळगे तेच. आधी नाकाच्या कडा, डोळ्यांखाली, कानामागे, जिथे रंग साचतो तिथे कोरड्या ब्रशने. मग गाल, मग कपाळ. पहिला हात दिला की चेहरा डागाळलेला दिसतो, घाबरायचं नाही. पूर्ण सुकू द्यायचा. दुसरा हात आडवा. तिसरा उभा. मामा हे कधी शिकवायचा नाही. तो नुसता यायचा, बोटाची मागची बाजू मूर्तीच्या गालावरून फिरवायचा आणि पुढे जायचा. माझ्या पांढऱ्यावर तो अकरा वर्षांत एकदाही थांबला नाही. दुसऱ्यांच्या कामावर थांबायचा, ओरडायचा. हे मला तिथे, तिच्या गालावर तिसरा हात देताना आठवलं. तोवर मी ते कौतुकात मोजलंच नव्हतं.

हात सुकत असताना मी तिलाही गिऱ्हाइकांना सांगते तीच गोष्ट सांगितली होती. डोळे मिटून तिने विचारलं, "मावशी, मग तुमच्या अंकलनी नाही दिलं, तर आइज कोण करायचं?"

"हसू नकोस, बोलू नकोस. ओला आहे."

"मी नाही हसत. कोण करायचं?"

डोळे मिटलेल्या माणसाशी बोलणं सोपं असतं. "आधी मामा. मग वहिनी. मामेभावाची बायको."

"वहिनी इज अ वुमन."

"मग काय."

"मग तुम्ही मुलगी म्हणून नाही दिलं, असं नाही ना."

हीच ती गाळलेली गोष्ट. वहिनी लग्न होऊन आली, दुसऱ्या वर्षी मामाने तिच्या हातात आखणीचा ब्रश दिला. ती शिक्षिकेची मुलगी, कारखाना तिने पाहिलेलाही नव्हता. मी तेव्हा पांढऱ्याच्या वाटीशी बसले होते. त्यानंतर चार महिन्यांत माझं लग्न ठरलं आणि मला कोणीही, कुठेही चाललं असतं.

"नाही," मी म्हटलं.

"मग का?"

"तो म्हणायचा, माझा हात पांढऱ्याचा. डोळा व्हायचा नाही. नुसता उघडा राहील, बघणार नाही."

"वॉज ही राइट?"

"मला काय माहीत. कधी करूच दिलं नाही."

मी उरलेला हात संपवला, जरा जोरात.

चेहरा सुकला तेव्हा मी मागे सरकून पाहिलं. एकही रेघ नव्हती. अंड्यासारखा. आणि मला एक गोष्ट खटकली, म्हणजे चांगल्या अर्थाने खटकली. कारखान्यात माझा पांढरा संध्याकाळपर्यंत बुजायचा. त्यावर गुलाबी चढायचा, शेंदरी चढायचा आणि घरी नेणाऱ्याला खाली पांढरा आहे हेसुद्धा ठाऊक नसायचं. ही मुलगी मात्र तो तसाच ठेवणार होती. त्यावर थोडं काही काढणार, पण बाकी सगळा पांढरा पांढराच राहणार. या प्रकाराचं नावच त्यावरून पडलं होतं. इतक्या वर्षांत माझं काम शेवटचं काम म्हणून उरलं, असं पहिल्यांदाच होत होतं. तिने आरशात पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "होली काऊ."

मग तिने डोळे काढले. भिंगाच्या आरशासमोर बसून, ओठ किंचित उघडे ठेवून. मी दुकानातलं गाणं बंद केलं. तिने का म्हणून विचारलं नाही. वरच्या पापणीच्या कडेने निघालेली रेघ बाहेर जाऊन वळली, खालून एक बारीक परत आली. दोन्ही डोळे झाले. मी डावीकडून उजवीकडे चालत गेले. बघत होते. दोन्ही.

डोक्यावर तिने फुलांचा मुकुट बांधला, हातभर उंच, त्यातून चारही मुंडावळ्यांच्या सरी चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंनी सोडल्या. एवढं डोकं घेऊन तिला गाडी चालवणं शक्यच नव्हतं, म्हणून माझी गाडी काढली. बाहेर एप्रिलमध्येही बर्फाचा बारीक चुरा उडत होता, वारा सुटला होता.

आणि दारात मी चूक केली. माझ्या दुकानातून गणपती घेऊन निघालेल्या प्रत्येकाला मी पातळ कापडाचा एक तुकडा देते. मूर्ती घरी नेताना तोंड झाकून न्यायचं, ही आपली पद्धत. इतक्या वर्षांत हात आपोआप ड्रॉवरकडे जातो. तो गेला. मी कापड काढलं, झटकलं आणि तिच्या तोंडावरून टाकलं.

"हे काय?"

"असंच नेतात. बर्फ लागणार नाही."

"सो कूल," कापडाखालून ती म्हणाली.

मूर्तीचे डोळे दोन दिवस सुकलेले असतात. तिचे वीस मिनिटांचे होते. दुकानाच्या दारापासून गाडीपर्यंत पंधरा पावलं, त्यात वाऱ्याने कापड तोंडावर दाबून धरलं. मिनिॲपोलिसला त्या जुन्या गोदामाच्या इमारतीखाली गाडी लावली, कापड उचललं, तर डावा डोळा गालावर उतरला होता. काळा ओघळ, कानापर्यंत.

माझ्या तोंडून पहिलं वाक्य आलं ते असं, "तुझा रंगच कच्चा. पैसे वाचवायला स्वस्तातला घेतलास ना?"

तिने आरशात पाहिलं. ती रडली नाही, रडता आलं नसतं. "मावशी, कापड तुम्ही टाकलंत."

हे खरं होतं. मी भांडणात हरत नाही, कारण हरायची वेळ आली की आवाज चढवते. त्या दिवशी चढवायला काही सापडलं नाही.

"किती वाजले?"

"एक बत्तीस."

वाटी आणि ब्रशची पिशवी बरोबर होती. ओल्या कापसाने डाव्या डोळ्याभोवतीचं सगळं उतरवलं, खालची सावळी कातडी दिसेपर्यंत. गाडीचा हीटर तोंडावर सोडला आणि पुन्हा पांढरा दिला, पातळ, आडवा, उभा, मधे सुकवत. जोड दिसला नाही. त्यात मला दहा-बारा मिनिटं लागली. मग तिने ब्रश घेतला. गाडीत भिंगाचा आरसा नव्हता. पहिली रेघ नाकाकडे गेली. पुसली, मी पांढरा भरला. दुसरी पापणीवरच फुटली. पुन्हा पांढरा.

तिने ब्रश माझ्यापुढे धरला. "तुम्ही करा."

"मला येत नाही."

"तुम्हाला माहीत नाहीये येतं की नाही. तुम्हीच म्हणालात."

घड्याळात एक त्रेपन्न झाले होते. मी ब्रश घेतला. चेहऱ्याला हात टेकवला तर पांढरा मोडतो, म्हणून आखणी करणारा उजवं मनगट डाव्या हातावर ठेवतो. मी पाहिलेलं होतं, हजार वेळा पाहिलेलं होतं. तसंच ठेवलं. श्वास धरला. रेघ आतल्या कोपऱ्यातून बारीक निघाली, छान निघाली. मध्यावर एकदा हलली. शेवटी जिथे उचलायची तिथे मी ती उचलली नाही, दाबली. बाहेरचा कोपरा जाड झाला. खालची रेघ त्या जाडीला सांभाळायला आणखी जाड झाली.

मी मागे टेकले आणि पाहिलं. उजवा डोळा बघत होता. डावा उघडा होता.

तिने आरसा खाली ओढला. "इट्स फाइन."

"खोटं बोलू नकोस. मी दुकानदार आहे."

तिने पुन्हा पाहिलं, या वेळी बराच वेळ. "ओके. तो बघत नाहीये."

"नाही."

"पुसायला वेळ नाहीये."

"नाही."

मला तिची माफी मागायची होती आणि ती कशी मागतात हे आठवत नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. मुकुटातली डावीकडची एक मुंडावळी तिने सोडवली, चिमटा जरा पुढे लावला, आणि मोत्यांची सर सरळ त्या डोळ्यावरून खाली आली. मोत्यांमधून डोळा दिसत होता, पण किती उघडा आणि कुठे बघतो, ते कळत नव्हतं. दोन वाजायला दोन मिनिटं असताना ती जिना चढून गेली. मी मागून मुकुट धरत.

चार फोटो झाले. फोटोग्राफर बाई फार बोलणारी नव्हती. कॅमेऱ्यामागच्या काळ्या कापडातून डोकं काढून तिने एकदाच विचारलं, बेस कोणी केलाय. मुलीने माझ्याकडे बोट दाखवलं. मी दारात दोघींचे कोट धरून उभी होते.

आम्ही परत निघालो. तोंड मी झाकलं नाही. ईडन प्रेरीच्या सिग्नलला म्हणाली, "सो ही वॉज राइट. तुमचे मामा."

"असेल."

"आर यू सॅड?"

मला त्या वेळी जे वाटत होतं त्याला दुःख म्हणत नाहीत. मामा बरोबर असेल. त्याला अकरा वर्षं माझा हात दिसत होता, मला तो त्या एका दुपारी दिसला. शेवटी रेघ उचलायची तिथे मी दाबते. भावातही दाबते, भांडणातही. पण बरोबर असणं वेगळं आणि हजारांतली एक मूर्ती पुढे करून 'बिघडव' म्हणणं वेगळं. एक मूर्ती त्याला परवडली असती. मी ती बिघडवली असती, पुसली असती आणि गप्प पांढऱ्यावर येऊन बसले असते. किंवा दहाव्या मूर्तीला जमलं असतं. आता कोणाला विचारायचं. माझं त्याच्याशी भांडण आहे ते या एका मूर्तीचं. मुलगी म्हणून, सून लाडकी म्हणून, हे सगळं मी गिऱ्हाइकांसाठी त्यावर चढवलेले रंग.

ठरल्याप्रमाणे ती दोन रविवार आली आणि समोरची काच सजवून गेली. तिसऱ्या रविवारीही आली, उदबत्तीच्या पुड्यांशी खेळत बसली.

मेच्या सुरुवातीला पेणहून या वर्षीच्या मूर्तींचे फोटो आले. इथे संध्याकाळ, तिथे सकाळ. वहिनीचा फोन लागला तेव्हा मागे कारखान्यात पॉलिशपेपरची खरखर ऐकू येत होती.

"बोला," ती म्हणाली. "डावा की उजवा?"

"डोळे चांगले आहेत."

खरखर ऐकू येत राहिली. "बरं नाही का तुम्हाला?"

"बरी आहे. मागच्या वर्षी पेट्यांत पेंढा कमी घातला होतात, तीन सोंडा तुटल्या. त्याचं बोला."

"पेंढ्याचं बोलू. पण डोळे चांगले, हे जरा ह्यांच्यासमोर परत म्हणाल का? स्पीकरवर टाकते."

"टाकू नकोस. ऐक. एक लहान मूर्ती मला आखणीशिवाय पाठव. पांढरा, अंगाचा रंग, सगळं कर. डोळे नको."

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

ती शिक्षिकेची मुलगी, तिला कळलं असावं. पण इतकी वर्षं ती माझ्याशी फोनवर सौदा करत आली होती, तेही तिला सोडवेना.

"बिनडोळ्यांची म्हणजे स्पेशल ऑर्डर," ती म्हणाली. "थोडे जास्त पडतील."

"जास्त कसे? आखणी वजा कर. काम कमी आणि पैसे जास्त?"

"ताई, मधूनच एक मूर्ती बाजूला काढायची, तिच्यावर कोणी चुकून हात मारू नये म्हणून लक्ष ठेवायचं—"

"लक्ष ठेवायचे पैसे मी देत नाही."

आम्ही पाऊण तास भांडलो.